सहाव्या वर्षाची दाढ

घरांतील मूल सहा वर्षांचें झालें कीं त्याच्या मुखांत एक पाहुणा येतो. परंतु त्याच्या आगमनाची वर्दी बहुधा कोणालाच लागत नाहीं. पुढचा दुधाचा दांत हालूं लागला म्हणजे घरभर त्याचा गाजावाजा होतो. दांत पडला म्हणजे मूल तो तळहातावर घेऊन सर्वांना दाखवीत हिंडतें, आजी तो कौलांवर टाकावयास सांगते, आणि मग नव्या दांताची वाट पाहण्यांत सारें घर गुंतून जातें. नेमक्या त्याच सुमारास जबड्याच्या अगदीं मागच्या बाजूस, दुधाच्या शेवटच्या दाढेपलीकडे, एक नवी दाढ हळूहळू हिरडी भेदून वर येत असते. तिला जागा करून देण्यासाठीं कोणताहि दांत पडत नाहीं. म्हणून तिचें येणें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पुढें केव्हां तरी ती दिसलीच, तर आईबाप तिलाहि दुधाचीच समजतात. “पडणारीच दाढ, तिची एवढी काळजी कशाला ?” असें म्हणून ते स्वस्थ बसतात. वस्तुतः ही दाढ पडणारी नव्हे. ती जन्माची सोबतीण आहे. वरच्या जबड्यांत दोन व खालच्या जबड्यांत दोन, अशा या चार दाढा म्हणजे कायमच्या दांतांच्या फौजेंतील अगदीं पहिल्या शिलेदारांपैकीं होत. आणि दुर्दैव असें कीं, रणांत आधीं पडणारे शिलेदारहि पुष्कळदां हेच असतात.

या दाढेला वांचविण्यासाठीं दंतवैद्यांनीं गेल्या सव्वाशें वर्षांत जे जे उपाय केले, त्यांची हकीकत मोठी उद्बोधक आहे. तींत चुका आहेत, हट्ट आहेत, वादविवाद आहेत. आणि रंगकामाच्या धंद्यांतून उचललेली एक साधी युक्तीहि आहे.

दाढेचा माथा सपाट नसतो. धान्य दळावयाचें तर जात्याला जशी टाकी लावलेली असावी लागते, तसेच अन्न दळणाऱ्या या दाढेच्या माथ्यावर निसर्गानें उंचवटे व खांचा ठेविल्या आहेत. हिरडीच्या आंत दाढेचा माथा तयार होत असतांना हे उंचवटे प्रथम निरनिराळे बनतात व मागाहून एकमेकांस येऊन मिळतात. हें मीलन जेथें पुरतें साधत नाहीं, तेथें एक खोल, चिंचोळी फट राहून जाते. कित्येक दाढांतील ही फट इतकी अरुंद असते कीं, दांत घासण्याच्या ब्रशाचा एक केसहि तींत शिरूं शकत नाहीं. मग बोट, राखुंडी किंवा कडुनिंबाची काडी यांची कथा काय? अन्नाचे कण व जंतु मात्र तेथें सुखानें शिरतात आणि घर करून राहतात. शिवाय फटीच्या तळाशीं दांताचें कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, तें फार पातळ असतें. इनॅमल हा मनुष्यशरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ खरा. पण त्याची एक उणीव मोठी आहे. हाड मोडलें तर सांधतें, कातडी कापली तर भरून येते. परंतु इनॅमल एकदां तयार झालें कीं तें घडविणारे सजीव कण उरत नाहींत. तुटलेलें इनॅमल पुन्हां उगवत नाहीं. म्हणून जें राखावयाचें तें आधींच राखलें पाहिजे.

दांत किडतो म्हणजे नेमकें काय होतें, याचा उलगडा प्रथम नीट केला तो डब्ल्यू. डी. मिलर या संशोधकानें. तो जन्मानें अमेरिकन, परंतु त्याचें कार्यक्षेत्र बर्लिन. जंतुशास्त्राच्या उदयाचा तो काळ होता. मिलरनें काढलेले दांत लाळेंत ठेवून त्या लाळेंत कधीं पाव, कधीं साखर, तर कधीं मांस मिसळून पाहिलें. पाव व साखर यांच्या योगानें लाळ आंबली व दांताचा कठीण भाग झिजून मऊ झाला. मांसानें तसें झालें नाहीं. यावरून त्यानें निष्कर्ष काढला कीं, तोंडांतील जंतु पिष्ट व गोड पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि तें आम्ल दांत पोखरतें. १८९० सालीं त्याचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ इंग्रजींत निघाला. पोखरणारा किडा म्हणून जो शतकानुशतकें लोकांच्या कल्पनेंत दांतांत वळवळत होता, त्याची जागा अशा रीतीनें आम्लानें घेतली. चोर कोण हें कळलें. पण चोराची वाट बंद कशी करावी, हा प्रश्न तसाच उरला.

या प्रश्नाचें पहिलें उत्तर जरा कठोर होतें. अमेरिकेंतील जी. व्ही. ब्लॅक हे आधुनिक दंतवैद्यकाचे एक आद्य आचार्य. किडलेला भाग कोरून काढतांना भोंवतालच्या निरोगी खांचाहि कोरून भरून टाकाव्या, म्हणजे पुढें तेथें कीड लागावयास जागाच उरणार नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन होतें. न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या दंतविभागाचे प्रमुख थॅडियस हायट यांनीं १९२३ च्या सुमारास याच्याहि पुढची पायरी गांठली. त्यांचें म्हणणें असें : खोल खांचांची दाढ आज ना उद्यां किडणारच, मग किडण्याची वाट कशाला पाहावयाची? दाढ वर आली कीं ती निरोगी असतांनाच तिच्या खांचा यंत्रानें थोड्या कोरून त्यांत चांदीचें मिश्रण भरून टाकावें, म्हणजे पुढचा मोठा नाश टळेल. विमा कंपनीच्या हिशेबी दृष्टीला हा विचार पटण्यासारखा होता. परंतु जी दाढ कदाचित् कधीं किडलीहि नसती, तिचें न उगवणारें कवच वैद्यानेंच आपल्या हातानें कोरावें, हें पुष्कळांना रुचलें नाहीं. चोर येईल या भयानें घराची भिंत आपणच फोडून पुन्हां बांधावी, तसा हा प्रकार होता. १९२९ सालीं बोडेकर या संशोधकानें याहून सौम्य मार्ग सुचविला. खांच टोंचणीनें साफ करून तींत पातळ सिमेंट ओतावें, असें त्यानें प्रथम सांगितलें. पुढें खांच घांसून उथळ व रुंद करावी, म्हणजे ब्रशानें ती स्वच्छ होईल, असा पर्याय त्यानें मांडला. परंतु सिमेंट टिकेना, आणि घांसणें म्हणजे पुन्हां कवचाचाच बळी.

मग रसायनांची पाळी आली. खांचांना सिल्व्हर नायट्रेट लावल्यास जंतु मरतील व कीड थांबेल, अशी कल्पना मिलरच्या काळापासून चालत आली होती. १९४२ सालीं झालेल्या पाहणींत या उपायाचा फारसा गुण दिसून आला नाहीं. दुसऱ्या बाजूस फ्लोराइडचा शोध मात्र खरोखर मोलाचा ठरला. २५ जानेवारी १९४५ रोजीं अमेरिकेंतील ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाण्यांत प्रथमच हिशेबानें फ्लोराइड मिसळण्यांत आलें, आणि पुढील पंधरा वर्षांत तेथील मुलांच्या दांतांची कीड निम्म्याहून अधिक घटली. परंतु या विजयांतहि एक न्यून होतें. फ्लोराइडनें दांतांच्या गुळगुळीत बाजूंचें जितकें रक्षण होई, तितकें दाढेच्या माथ्यावरील खांचांचें होत नसे. किल्ल्याचा तट मजबूत झाला. चोरदिंडी उघडीच राहिली.

या चोरदिंडीला दार बसविण्याची युक्ति ज्या ठिकाणीं सांपडली, तें ठिकाणहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कोडॅक कॅमेऱ्यामुळें जगप्रसिद्ध झालेले जॉर्ज ईस्टमन यांच्या द्रव्यसाहाय्यानें न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर गांवीं १९१७ सालीं एक दंतचिकित्सालय उघडण्यांत आलें. गोरगरिबांच्या मुलांच्या दांतांची निगा राखावी, हा त्याचा मुख्य हेतु. पुढें ईस्टमन यांचेंच नांव त्या संस्थेला मिळालें. तेथें विसाव्या शतकाच्या मध्यास मायकेल ब्युओनोकोर नांवाचे एक संशोधक काम करीत होते. त्यांच्यापुढील अडचण साधी पण चिवट होती. त्या काळीं ॲक्रिलिक नांवाचा नवा कृत्रिम पदार्थ दांत भरण्यासाठीं वापरांत आला होता. परंतु तो इनॅमलला घट्ट चिकटत नसे. दांताचा पृष्ठभाग गुळगुळीत, सदैव लाळेनें ओला, आणि त्यावर दिवसांतून कित्येक वेळां चावण्याचा दाब. अशा जागीं चिकटून राहावयाचें म्हणजे अळवाच्या पानावर पाणी ठरविण्यासारखेंच होतें.

ब्युओनोकोर यांनीं आपल्या शास्त्राबाहेर दृष्टि टाकली. लोखंडी पत्र्यांवर रंग द्यावयाचा असला म्हणजे कारखान्यांतून प्रथम फॉस्फोरिक आम्लाचा प्रयोग करीत. त्यामुळें रंग धातूला अधिक घट्ट धरून बसे. तोच न्याय दांताला कां लावूं नये ? पितळेच्या भांड्यावर कथील पसरण्यापूर्वीं कल्हईवाला तें नवसागरानें स्वच्छ करून घेतो. गुळगुळीत भिंतीवर गिलावा चढविण्यापूर्वीं गवंडी तिला टाचे मारून खडबडीत करतो. त्याच जातीची ही कल्पना. ब्युओनोकोर यांनीं ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल अवघे ३० सेकंद दांतावर ठेवलें, तें पाण्यानें धुऊन टाकलें, दांत कोरडा केला आणि त्यावर ॲक्रिलिकचा थेंब ठेवला. आम्ल न लावलेल्या दांतावरचा थेंब कांहीं तासांतच निखळून पडे. आम्ल लावलेल्या दांतावरचा थेंब हजारावर तास टिकला. हा निष्कर्ष त्यांनीं १९५५ सालीं प्रसिद्ध केला, आणि या रीतीनें दाढेच्या खांचा बुजवून टाकतां येतील, अशी सूचनाहि त्याच निबंधांत केली. जें आम्ल दांताचा वैरी म्हणून मिलरनें दाखवून दिलें होतें, त्याच जातीच्या द्रव्याला पासष्ट वर्षांनीं दांताच्या रक्षणास जुंपण्यांत आलें. विषानेंच विषावर उतारा करावा, असाच हा प्रकार.

हें कां घडतें, तें पुढें सूक्ष्मदर्शकानें उघड केलें. इनॅमल हें अगणित सूक्ष्म खांबांच्या जुडग्याचें बनलेलें असतें. आम्लानें त्या खांबांचीं टोंकें विषम प्रमाणांत विरघळतात व पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारीं असंख्य छिद्रें पडतात. पातळ राळ त्या छिद्रांत झिरपते आणि तेथेंच घट्ट होते. जणूं झाडानें जमिनींत मुळें सोडावीं, तशीं त्या लेपाचीं मुळें कवचांत रुततात. १९६८ च्या सुमारास ब्युओनोकोर व त्यांचे सहकारी यांनीं हीं मुळें प्रत्यक्ष दाखवून दिलीं.

तरीहि या शोधाकडे प्रथम कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. १९५५ च्या निबंधानंतर जवळजवळ बारा वर्षें उलटलीं, तेव्हां कोठें १९६७ सालीं क्वेटो व ब्युओनोकोर यांनीं मुलांच्या दाढांवरील प्रत्यक्ष प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एका वर्षाच्या अवधींत लेप लावलेल्या दाढांतील कीड ८६ टक्क्यांनीं कमी झाल्याचें त्यांना आढळलें. त्या प्रयोगांतील चिकटद्रव्य मात्र तोंडाच्या दमट हवेंत फार काळ तग धरणारें नव्हतें. तें उणें दुसऱ्या एका संशोधकानें भरून काढलें. वॉशिंग्टन येथील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेंत काम करणाऱ्या राफेल बोवेन यांनीं एक नवी टिकाऊ राळ शोधून काढली होती व तिचें पेटंट त्यांना १९६२ सालीं मिळालें होतें. ब्युओनोकोर यांनीं याच जातीची राळ घेतली, आणि अतिनील किरणांचा झोत टाकून ती क्षणार्धांत घट्ट करण्याची पद्धत १९७० सालीं जाहीर केली. पुढच्याच वर्षीं असा लेप बाजारांत आला. इंग्रजींत त्याला सीलंट म्हणतात. पुढें अतिनील किरणांची जागा डोळ्यांना दिसणाऱ्या निळ्या प्रकाशानें घेतली. यंत्राची घरघर नाहीं, सुई नाहीं, रक्त नाहीं, वेदना नाहीं. आणि दाढेच्या कवचाचा कपटाहि कोरावा लागत नाहीं. हायट यांनीं जें साध्य डोळ्यांपुढें ठेविलें होतें, तें अशा रीतीनें त्यांच्या साधनावांचून हस्तगत झालें.

परंतु नवी गोष्ट आली कीं शंका येणारच, आणि शंका येणें योग्यहि असतें. पहिली शंका अशी, कीं खांचेंत आधींच थोडी कीड असेल व तिच्यावर लेप बसला, तर चोराला घरांत कोंडून बाहेरून कुलूप लावल्यासारखें होणार नाहीं काय ? रॉचेस्टर येथील हँडलमन व त्यांचे सहकारी यांनीं हीच गोष्ट मुद्दाम तपासली. १९७६ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, लेपाखालीं कोंडलेल्या जंतूंना बाहेरचें अन्न मिळत नाहीं, आणि दोन वर्षांत त्यांची संख्या अत्यंत घटते. चोर कोंडला गेला खरा. पण आंत त्याची उपासमारच झाली. दुसरी शंका टिकाऊपणाची. सायमनसन नांवाच्या दंतवैद्यानें १९७६ सालीं मुलांच्या दाढांवर एकदांच लेप लावला, पुन्हां लावला नाहीं, आणि पंधरा वर्षांनीं त्याच मुलांच्या, म्हणजे आतां तरुण झालेल्या माणसांच्या, दाढा तपासल्या. शंभरांतील सुमारें २८ दाढांवर लेप पूर्ण शाबूत होता व ३५ दाढांवर कांहीं अंशीं उरला होता. लेप लावलेल्या दाढांपैकीं सुमारें ३१ टक्के किडल्या किंवा भराव्या लागल्या होत्या. लेपावांचून राहिलेल्या तुलनेच्या दाढांत हेंच प्रमाण सुमारें ८३ टक्के होतें. हे आंकडे १९९१ सालीं प्रसिद्ध झाले. सर्वच प्रयोगांत एवढा गुण दिसून येत नाहीं, हेंहि प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. २०१७ सालीं निरनिराळ्या चाचण्यांची एकत्र छाननी झाली, तींत दोन वर्षांच्या अवधींतील कीड ११ पासून ५१ टक्क्यांपर्यंत कमी होते, असा अधिक सावध निष्कर्ष निघाला. मूळची कीड जेथें जास्त, तेथें लाभहि जास्त.

तिसरी शंका अधिक गंभीर होती. १९९६ सालीं स्पेनमधील ग्रॅनाडा विद्यापीठाच्या संशोधकांनीं असें दाखविलें कीं, लेप लावल्यानंतर लाळेंत बिस्फिनॉल-ए हें द्रव्य आढळतें. आणि तें शरीरांतील स्त्रीरसासारखें वागण्याचा संभव असतो. लहान मुलांच्या तोंडांत जें घालावयाचें, त्याविषयीं असा आक्षेप निघाल्यावर पालक बिथरले, यांत नवल नाहीं. पुढील अनेक तपासण्यांत असें आढळून आलें कीं, हें द्रव्य अत्यल्प प्रमाणांत व केवळ आरंभींच्या अल्प काळापुरतें लाळेंत येतें. आणि लेप घट्ट झाल्याबरोबर त्याचा वरचा चिकट थर पुसून घेतला व मुलाला चूळ भरावयास लावली, तर तें प्रमाण आणखी खालीं येतें. आक्षेप व्यर्थ गेला नाहीं. त्यानें रीत अधिक काळजीची झाली.

एवढें सर्व होऊनहि दंतवैद्यांचा हात सवयीनें कोरणीकडेच जात राहिला. १९७६ सालीं अमेरिकन डेंटल असोसिएशन या संस्थेनें लेपाला मान्यता दिली होती. १९८३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें तज्ज्ञांची एक परिषद भरविली. लेप अत्यंत परिणामकारक व निर्धोक आहे, परंतु त्याचा वापर व्हावा तितका होत नाहीं, असाच त्या परिषदेचा अभिप्राय पडला. दाढ किडल्यावर ती भरणें ही विद्या पिढ्यान् पिढ्या शिकविली गेली होती. निरोगी दाढेला हात लावावयाचा तो केवळ राखण्यासाठीं, ही दृष्टि नवी होती. ब्युओनोकोर मात्र हा अभिप्राय ऐकावयास उरले नव्हते. १९८१ सालींच त्यांचें निधन झालें होतें.

याच काळांत या हकीकतींत एक नवें प्रकरण सुरू होत होतें. कांहीं मुलांच्या पहिल्या दाढा वर येतात त्याच मुळीं दुबळ्या. त्यांवर पांढरे, पिवळे किंवा तपकिरी डाग असतात. इनॅमल पुरतें भरीव नसतें, त्यांत क्षार कमी व प्रथिन अधिक असतें. आणि दाढ चावूं लागली कीं त्याचे तुकडे उडतात. स्वीडनमधील संशोधकांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, १९७० सालीं जन्मलेल्या मुलांपैकीं १५ टक्क्यांहून अधिक मुलांत हा दोष आढळला होता. हॉलंडांतील लोकांनीं अशा दाढांना “चीजच्या दाढा” असें नांव दिलें. आणि तें यथार्थच म्हटलें पाहिजे. बऱ्याचदां समोरच्या कायमच्या दांतांवरहि तसेच डाग असतात. २००१ सालीं या विकाराला शास्त्रीय नांव मिळालें. जगांतील दर आठ मुलांपैकीं सुमारें एकाला तो असतो, असा अलीकडचा अंदाज आहे. या दाढांचें कवच मूल जन्मतें त्या सुमारास घडूं लागतें व पहिल्या तीन वर्षांत पुरें होतें. त्या काळांतील आजार, ज्वर, तसेंच आनुवंशिक कारणें यांकडे संशोधकांनीं बोट दाखविलें आहे. परंतु एकच एक कारण सिद्ध झालेलें नाहीं. एवढें मात्र निश्चित, कीं आईनें मुलाला गोड दिलें म्हणून कांहीं दाढ अशी उगवत नाहीं. उगाच कोणाला बोल लावूं नये.

अशा मुलाचे हाल मात्र फार होतात. थंड पाणी लागलें कीं कळ जाते, म्हणून तें त्या बाजूस ब्रश फिरवूं देत नाहीं. ब्रश फिरत नाहीं म्हणून तेथें मळ सांचतो. मळ सांचतो म्हणून दुबळें कवच अधिकच पोखरतें. घरांतील माणसें मुलाला आळशी किंवा हट्टी समजून रागें भरतात. दंतवैद्याकडे नेलें तर अशा दाढेला बधिर करण्याचें औषधहि नीट लागू होत नाहीं, आणि पहिल्याच भेटींत मुलाच्या मनांत कायमची भीति बसते. म्हणून या दाढांना लेपाची गरज सर्वांत अधिक. आणि नेमका येथेंच लेपहि अडखळतो. कारण त्यांच्या इनॅमलवर आम्लानें हवीं तशीं छिद्रें पडत नाहींत, व राळेचीं मुळें रुजत नाहींत. २००९ सालीं ग्रीस देशांतील संशोधकांनीं चार वर्षांच्या निरीक्षणाअंतीं दाखवून दिलें कीं, आम्लानंतर एक पातळ चिकटद्रव्य आधीं लावून मग लेप दिला, तर तो अशा दाढांवर अधिक टिकतो. दाढ अर्धवटच वर आली असेल व कोरडी ठेवतां येत नसेल, तर लंडन येथील शासकीय रसायनशाळेंत ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनीं शोधलेलें, १९७२ सालीं जाहीर झालेलें ग्लास आयोनोमर सिमेंट उपयोगीं पडतें. तें ओलसर दाढेलाहि धरून राहतें व थोडें थोडें फ्लोराइड सोडीत असतें. राळेइतकें तें टिकाऊ नव्हे. पण पावसाळा निभावून नेणाऱ्या ताटीसारखें तें अडचणीचा काळ निभावून नेतें. दाढेचे तुकडेच उडूं लागले असतील, तर मात्र तिला स्टेनलेस स्टीलची टोपी घालावी लागते. प्रत्येक दुबळी दाढ लेपानें वांचतेच असें नाहीं. परंतु लौकर पाहिली तर पुष्कळ वांचतात.

लेप लावण्याची रीत सांगावयास सोपी आहे. दाढ स्वच्छ करावयाची, कापसानें भोंवतालची लाळ अडवावयाची, सुमारें ३० ते ४० टक्के सामर्थ्याचें आम्ल कांहीं सेकंद लावून धुवावयाचें, दाढ वाळवून ती खडूसारखी पांढुरकी दिसते कीं नाहीं तें पाहावयाचें, मग लेप सोडून प्रकाश दाखवावयाचा. साऱ्या कामाला थोडीं मिनिटें पुरतात. यांत एकच वैरी असतो, आणि तो म्हणजे लाळ. आम्ल धुतल्यानंतर दाढेला लाळेचा एक थेंब लागला, तरी सारी मेहनत वायां जाते. लेप लावला म्हणजे दांत घासण्यापासून सुटका झाली, असेंहि नव्हे; दोन दाढांच्या मधल्या फटीला लेपाचा कांहीं उपयोग नाहीं. लेप शाबूत आहे कीं नाहीं, हें वरचेवर पाहावें लागतें, व निघाला असल्यास पुन्हां लावावा लागतो. शाकारलेलें घरहि दर पावसाळ्यापूर्वीं पाहावेंच लागतें.

आतां या हकीकतीचा अखेरचा व सर्वांत अवघड भाग. २०१६ सालीं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें जाहीर केलें कीं, मुलांच्या कायमच्या दांतांतील दहापैकीं नऊ खड्डे मागच्या दाढांना पडतात, आणि लेपानें त्यांपैकीं ८० टक्के दोन वर्षांपर्यंत टाळतां येतात. परंतु त्याच वृत्तांतांत असेंहि सांगितलें होतें कीं, ज्या गरीब घरांतील मुलांना कीड अधिक लागते, त्यांनाच लेप कमी मिळतो. ज्या युक्तीचा जन्म गोरगरिबांच्या मुलांसाठीं उघडलेल्या चिकित्सालयांत झाला, ती साठ वर्षांनंतरहि गरिबाच्या मुलापर्यंत पुरती पोहोंचली नव्हती. हा विपर्यास विचार करावयास लावणारा आहे. ज्या ठिकाणीं हा लेप शाळांतून, वर्गांतील मुलांना ओळीनें बसवून लावण्यांत आला, तेथें मात्र हें अंतर पुष्कळ कमी झालें. कारण दवाखान्यांत येणारीं मुलें थोडीं, शाळेंत येणारीं पुष्कळ.

भारतांतील स्थितीहि निराळी नाहीं. डेंटल कौन्सिल ऑफ इंडियानें २००२-०३ सालीं केलेल्या देशव्यापी पाहणींत १२ वर्षांच्या मुलांपैकीं निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारें ५४ टक्के मुलांचे दांत किडलेले आढळले. मुंबईंतील नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय १९३३ सालापासून दंतवैद्य तयार करीत आलें आहे, आणि आज अशा महाविद्यालयांची वाण नाहीं. फेब्रुवारी २०१३ मध्यें महाराष्ट्रांतील पालघर येथें राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यांत मुलांच्या तपासावयाच्या विकारांत दांतांच्या किडीचाहि समावेश आहे. २०२१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आवश्यक औषधांच्या यादींत ग्लास आयोनोमर सिमेंट घातलें. साधन आहे, विद्या आहे, आणि शाळा तर गांवोगांव आहेत. उणीव आहे ती ठराविक वेळीं मुलाच्या तोंडांत डोकावून पाहणाऱ्या डोळ्यांची.

कारण या दाढेचा मुहूर्त टळला कीं मग तो परत येत नाहीं. सहाव्या वर्षाच्या सुमारास दाढ उगवते; तिची खांच तेव्हां नवी, कोरी असते, आणि तेव्हांच दार बसविलें पाहिजे. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं पहिली-दुसरींत जाणारें मूल असेल, त्यांनीं एखाद्या दिवशीं सकाळच्या उजेडांत त्याला आ करावयास सांगावें, आणि एका बाजूच्या दाढा मोजाव्या. दुधाच्या दाढा दोनच असतात. त्यांच्या पलीकडे तिसरी दिसली, तर ती पडणारी नव्हे. ती पांढरी आहे कीं तीवर पिवळे, तपकिरी डाग आहेत, हें नीट पाहावें, आणि दुखण्याची वाट न पाहतां मुलाला दंतवैद्याकडे न्यावें. ही दाढ न बोलावतां येते व न कुरकुरतां साठ-सत्तर वर्षें दळण दळते. तिच्या आगमनाच्या दिवसांत घरच्यांनीं तिच्याकडे एवढें लक्ष दिलें, तर पुढच्या कित्येक रात्रींची ठणक टळेल.